पत्र्यावरचा तळहात

तो हॉर्न मी ऐकला होता. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे, तिथे सकाळच्या पाळीआधी आम्ही पाचसहा जण रोज उभे असतो. त्या मंगळवारीही होतो. पलीकडच्या वळणावरून टँकरचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. टपरीवाला वैतागला, चहा गाळता गाळता त्याने शिवी हासडली. आणि मी, चार लोकांना हसवायची सवय असलेला माणूस, म्हणालो, "कुणाच्या कानात बोळे घातलेत का काय रे सकाळी सकाळी!" सगळे हसले. मग ब्रेकचा आवाज आला. मग हॉर्न बंद झाला. आम्ही चहा संपवला... दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. माझा शेडमधला मित्र बिरू, त्याची मुलगी लक्ष्मी. ती कुर्डुवाडीला दिलेली आहे, तिचा नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात. "काका, आप्पांना गाडीनं उडवलं म्हणत्यात. तुमी तितंच हाय की. बगा की काका, खोटं आसंल." मी धावलो. खोटं नव्हतं. सायकल एकीकडे पडली होती, जेवणाचा डबा एकीकडे, आणि टँकरचा ड्रायव्हर रस्त्यातच खाली बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी हॉर्न मारत होतो हो, मी हॉर्न मारत होतो." त्याच्या अंगावर चार माणसं धावून गेली होती. त्याची चूक नव्हती हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प राहिलो.

बिरूला जाऊन आता दोन महिने होतील. लोक भेटतात आणि म्हणतात, बिरू साधा हो, देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऐकून माझं टाळकं सरकतं. आपल्याकडे एखाद्याला वेडा म्हणायचं धाडस नसलं की त्याला साधा म्हणतात. बिरू साधा नव्हता. तो शहाणा होता. आणि मी हुशार आहे. शेडमध्ये मला सगळे 'वकील' म्हणतात. बारावी नापास आहे मी, पण कुठल्याही अडचणीतून पळवाट काढायची ती वकिलाने, असा माझा लौकिक. तीस वर्षं मी त्या लौकिकावर छाती काढून फिरलो. हा लेख मी माझ्या मित्राच्या आठवणींसाठी लिहायला घेतला खरा, पण लिहिता लिहिता तो माझा कबुलीजबाब होणार हे मला दिसतंय. होऊ दे.

बिरू सांगोल्याकडचा. घरची मेंढरं. दुष्काळाच्या एका वर्षी कळप विकला गेला आणि हा एक पिशवी घेऊन सोलापुरात आला. पिशवीत दोन धोतरं, घोंगडं आणि भंडाऱ्याची एक पुडी. माझ्याच शेजारच्या मागावर त्याला लावला. टॉवेलच्या शेडमध्ये जे कधी गेले नाहीत त्यांना सांगतो, तिथे पन्नास माग एका वेळी चालतात तेव्हा शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून शेडमधली माणसं ओठांवरून बोलतात. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून आम्ही नळाच्या भांडणापासून निवडणुकीपर्यंत सगळं बोलतो. नव्या माणसाला हे यायला वर्ष लागतं. बिरूला दोन महिन्यांत आलं. मी विचारलं तेव्हा ओठांनीच म्हणाला, "मेंढराला कुटं तोंड हाय बोलायला? त्याच्या तोंडाकडं बगूनच कळतं की."

पुढे तो जॉबर झाला, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. असला जॉबर मी पाहिला नाही. पन्नास मागांच्या त्या खटखटाटात तो मधल्या वाटेने नुसता चालत जायचा आणि एकदम थांबून म्हणायचा, एकवीस नंबरचा धोटा अडकंल बरं का आज. संध्याकाळपर्यंत अडकायचाच. मी त्याला म्हणायचो, तुझ्या कानात देव बसलाय. तो म्हणायचा, "देव कशाला बसतोय. आमच्या बापाला दीडशे मेंढरांत घाटी वाजली की कुणाच्या गळ्यातली ते कळायचं. मला हितं पन्नासच हायत."

आमचं एका गोष्टीवर कायम वाजायचं. मी म्हणायचो, जगात हुशारीशिवाय निभाव नाही. तो वाद घालत नसे, मेंढरांचं काहीतरी सांगत बसे. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, कळपात चारदोन शेळ्या ठेवाव्या लागतात, शेळी हुशार, ती वाट काढती. मी म्हणालो, बघ, आलास की नाही माझ्या बाजूला! तर म्हणाला, "आरं पण उनाच्या पारी बगितलंयस का? माळावर झाड न्हाय, काय न्हाय. मेंढरं काय करत्यात, एकमेकाच्या पोटाखाली डोस्की घालून हुबी ऱ्हात्यात. हिची सावली तिला, तिची सावली हिला. शेळीला ते जमत न्हाय. ती आपल्यापुरती सावली हुडकत लांब जाती... आन् लांडगा तिलाच धरतो." मी म्हणालो, मग मी शेळी का? तो हसला आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. 

अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले. अशी शांतता शेडमध्ये क्वचितच होते, कान दुखतात तिच्याने. बिरू माझ्याकडे पाठ करून मागावर वाकला होता. मी मागून म्हणालो, बिरू, चल चहाला. तो हलला नाही. मोठ्याने म्हणालो. नाही. मग मी अगदी मागे जाऊन टाळी वाजवली, पलीकडच्या रांगेतल्या बायका दचकून बघायला लागल्या, आणि बिरू आपला एका हाताने पाना फिरवतोय आणि दुसऱ्या हाताचा तळवा मागाच्या सांगाड्यावर ठेवलाय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वर्षभर तो प्रत्येक मागावर हात का ठेवत होता ते कळलं. कान गेले होते त्याचे. तो तळहाताने ऐकत होता! आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता, कारण गोंगाटात सगळेच बहिरे. तिथे ओठ वाचणाऱ्याला बहिरा कोण म्हणणार?

मी त्याला समोर घेऊन विचारलं. त्याने लपवलं नाही. "व्हय. उजवा पैला गेला. मग डावा. आता लई मोठं वाजलं तर लांब कुटंतरी भुंगा असल्यावानी वाटतं." मग म्हणाला, "मालकाला सांगणार हाय मी. तपासायला येणार हायत न्हवं का."

ते खरंच होतं. आमचा माल घेणाऱ्या बाहेरदेशच्या कुण्या कंपनीने सगळ्या कामगारांची तपासणी करा म्हणून मालकाला कळवलं होतं. डोळे, छाती, कान. कान ज्यांचे गेलेत त्यांना मागांपासून उठवून पॅकिंगला बसवायचं. मी हादरलो. मी बिरूला म्हणालो, "वेडा का तू? जॉबरचा मान सोडून बायकांच्या रांगेत टॉवेलच्या घड्या घालत बसणार? लक्ष्मीच्या सासरी काय तोंड दाखवशील?" तो म्हणाला, "पॅकिंगला काय वाघ खातोय? घड्या बी कुणीतरी घालाव्याच लागत्यात की."

आता खरं सांगायची वेळ आली आहे. मला त्याच्या मानाची काळजी नव्हती. मी तेव्हा त्या पाळीचा सुपरवायझर झालो होतो. बिरू होता म्हणून माझ्या पाळीत माग बंद पडत नसत, आणि मालक चारचौघांत माझी पाठ थोपटत असे. बिरू पॅकिंगला गेला असता तर माझी पाठ उघडी पडली असती. एवढंच होतं. हे मी त्याला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नाही. मी मैत्रीचा आव आणला आणि तो इतका छान आणला की मला स्वतःलाच तो खरा वाटला. माझ्या शब्दाखातर बिरू शेवटी तयार झाला. हुशारीचं हे असं असतं, ती पहिल्यांदा ज्याची त्यालाच फसवते.

तपासणीच्या दिवशी ऑफिसात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. कानाला हेडफोन लावायचे, त्यात बारीक आवाज आला की बोट वर करायचं. बिरू त्यांच्यासमोर बसला. मी रजिस्टर हातात घेऊन बाईंच्या मागे, खिडकीपाशी उभा. बाई बटण दाबत तेव्हा त्यांचा अंगठा हले, तो मला दिसत होता. अंगठा हलला की मी ठरल्याप्रमाणे शर्टाच्या कॉलरला हात लावायचो. बिरू बोट वर करायचा. मधूनच मी मुद्दाम एखादा आवाज सोडून देत होतो, म्हणजे संशय नको. इतका मी पोहोचलेला! बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने कान चांगले आहेत आजोबा. बिरूने त्यांच्या ओठांवरचं वाचलं आणि मान खाली घातली.

बाहेर टपरीवर मी खुशीत होतो. म्हणालो, कशी जिरवली! त्याने बशीत चहा ओतला. मग विचारलं, "आपण कुणाला फसवलं रं, वकील?"

"त्या डॉक्टरणीला की."

"तिला कशी? ती आता घरला जाईल, जेवंल आन् झोपंल. तिचं काय गेलं?" एवढं म्हणून त्याने बशीतला चहा तसाच ठेवला. "मी सांगून टाकतो मालकाला उद्या."

तो सांगेल ही भीती मला होतीच. बिरूच्या पोटात खोटं टिकत नसे. म्हणून मी आणखी पुढे गेलो. शेडच्या कोपऱ्यात देवांच्या फोटोखाली एक डबी होती. बिरूने दरसालच्या जत्रेतून आणलेला भंडारा त्यात असायचा. मी त्याला तिथे नेलं आणि म्हणालो, उचल भंडारा. म्हण, हे तुझ्या-माझ्यात राहील, तिसऱ्या कुणालाही कळणार नाही. मला भंडाऱ्याचं काही नाही, मी शहरात वाढलेला, देवाच्या शपथा दिवसाला चार घेणारा. पण ज्या घरांतून बिरू आला त्या घरांत भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे मरेपर्यंत शब्द. मेंढरं गेली, जमीन गेली, तरी शब्द गेला असं व्हायचं नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर मी ती युक्ती केली. तो माझ्याकडे पाहत राहिला... कुलूप घालायच्या आधी माणूस घराकडे पाहतो तसा. मग चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "बरं."

पुढच्या महिन्यात तपासणीचा निकाल लागला. आमचा झाडू मारणारा म्हातारबा कानाच्या तपासणीत नापास झाला होता. त्याला पॅकिंगच्या शांत खोलीत बसवलं आणि कानाला मशीन मिळालं. पहिल्या दिवशी म्हातारबा अंगणात उभा राहून रडत होता, चिमण्या ओरडतायत म्हणून! बिरू लांबून त्याच्याकडे बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. ते मशीन बिरूलाही मिळालं असतं. मी त्याला ते मिळू दिलं नाही.

आता वैनींबद्दल. बिरूची बायको हिराबाई, मी त्यांना वैनी म्हणतो. एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या आहेत, मध्ये भिंत नाही, पत्र्याचा आडोसा आहे. आतल्या बाजूला चूल, बाहेरच्या बाजूला बिरूची बसायची जागा. वैनी जुन्या वळणाच्या. नवऱ्याशी समोरासमोर तोंड करून कधी बोलल्या नाहीत, आणि बोलताना पदराचं टोक तोंडावर धरायची सवय. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने लावलेली सवय, सासू गेली तरी राहिली. विचार करा. शेडमध्ये दीडशे माणसांचे ओठ वाचणारा माणूस, आणि घरी एकच बाई, तिचे ओठ पदराआड! त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसून म्हणत, जेवायला वाढू का. आडोशापलीकडून उत्तर नाही. लक्ष्मीला दिवस गेल्याचं त्यांनी असंच भाकरी थापता थापता सांगितलं. उत्तर नाही. त्यांना वाटलं, नवरा रुसलाय. मग वाटलं, आपलं काही चुकलंय. मग त्यांनीच बोलणं सोडलं. दोन माणसं एका घरात वर्षभर मुकी राहिली.

आणि बिरू तिला सांगू शकत नव्हता. तिसऱ्या कुणालाही नाही, असा शब्द होता. मी मालकासाठी घातलेलं कुलूप त्याने स्वतःच्या बायकोलाही लावलं होतं. पळवाट काढणं त्याला येत नव्हतं. तो मला विचारायला आला होता. एकदा नव्हे, दोनदा. त्यांच्यात ज्याच्यासमोर भंडारा उचलला त्यानेच शब्दातून मोकळं करायचं असतं. पहिल्यांदा म्हणाला, "हिरीला तेवढं सांगू का रं?" मी म्हणालो, खुळा का काय, आज तिला सांगशील, उद्या नळावर साऱ्या वस्तीला कळेल, परवा मालकाला. दुसऱ्यांदा विचारलं ते जायच्या आठच दिवस आधी. पाळी सुटली होती, तो सायकल धरून उभा होता. म्हणाला, "ती बोलंना झालीया आता. पैलं तिचं तोंड हलताना दिसायचं पदराआड. आता ते बी न्हाय." आणि मी काय म्हणालो? मी हसून म्हणालो, "बायको बोलेना म्हणजे नशीब काढलंस की! माझी बघ, तिचं ऐकून ऐकून कान किटलेत." मी हसतोय हे त्याला दिसलं. म्हणून तोही हसला. माझं मन राखायला हसला तो. मग सायकलवर टांग मारून गेला... माझी आणि त्याची शेवटची नीट भेट ती.

तो गेल्यावर वस्तीत कुजबूज सुरू झाली. एवढा हॉर्न वाजला, साऱ्या एमआयडीसीने ऐकला, आणि हा बाजूला कसा झाला नाही? जीव द्यायचाच होता. घरात वर्षभर बोलणं नव्हतं म्हणे. ही कुजबूज वैनींपर्यंत पोचायला कितीसा वेळ. त्यांनी ती मानली. आपल्याशी बोलण्यापेक्षा या माणसाला मरण बरं वाटलं, असं त्यांनी मनाशी धरलं.

दहाव्याला कावळा शिवेना. दुपार व्हायला आली. कुणी म्हणालं लक्ष्मीच्या लेकराच्या जावळाची इच्छा राहिली असेल, कुणी म्हणालं गावच्या जत्रेची. लोक हात जोडून नाना वचनं देत होते. झाडावर कावळे होते, खाली एक येत नव्हता. तेवढ्यात बायकांमधून वैनींचा आवाज आला. वर्षभरात मी त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. "माज्यावरचा राग ऱ्हायलाय त्यांचा. काय चुकलं माजं ते तरी सांगून जायाचं की! मी नाक घासते, पाया पडते, पर एकदा सांगा की..." लक्ष्मीने त्यांना धरलं. सगळे रडत होते. मी तिथून पाच पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? मी पुढे झालो आणि भटजींना म्हणालो, उशीर होतोय, दर्भाचा कावळा करून शिवून टाका. तोडगा! सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, वकील होता म्हणून निभावलं.

त्या रात्रीपासून माझी झोप गेली हे लिहायचीसुद्धा मला लाज वाटते, कारण झोप जाणं ही काही शिक्षा नव्हे. मी तीनदा वैनींकडे गेलो. पहिल्या वेळी चहा पिऊन आलो. दुसऱ्या वेळी लक्ष्मीच्या नवऱ्याशी बदलीच्या गोष्टी बोलून आलो. तिसऱ्या वेळी उंबऱ्यापर्यंत शब्द आले होते, तेवढ्यात माझ्याच डोक्यातला वकील म्हणाला, आता सांगून काय होणार, माणूस तर परत येत नाही, उलट तिला आणखी त्रास. किती समजूतदार वाटतं नाही ऐकायला! माझ्या सगळ्या लबाड्या अशाच समजूतदार कपड्यांत येतात. दाराबाहेर बिरूची सायकल भिंतीला टेकवलेली होती, वाकलेलं चाक तसंच. तिला वळसा घालून मी घरी आलो.

चौथ्या वेळी गेलो तो संध्याकाळचा. लक्ष्मी माहेरीच राहिली होती, आत चुलीपाशी भाकरी थापत होती. वैनी बाहेरच्या खोलीत, बिरूच्या जागेपासून थोड्या अंतरावर बसल्या होत्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कान, तपासणी, कॉलर, भंडारा, दोन वेळा आलेला बिरू आणि दोन वेळा मी दिलेलं उत्तर. माझी पाठ उघडी पडू नये म्हणून हे केलं, तेही सांगितलं. आतला भाकरीचा आवाज मध्येच थांबला आणि मग पुन्हा सुरू झाला.

 वैनी पदराआडून म्हणाल्या, "म्हंजी मी जेवायला हाक मारायची ती..."

"ऐकू जात नव्हती."

"लक्ष्मीचं सांगितलं ते..."

"नाही, वैनी."

"मी पाटमोरी बोलत हुते, भावजी." एवढं म्हणून त्यांनी हातातल्या पदराच्या टोकाकडे पाहिलं. विंचू दिसावा तसं पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्यासाठीच आलो होतो, शिव्या मिळाल्या असत्या तर थोडा सुटलो असतो. त्या म्हणाल्या, "तुमी लई हुशार हाय, भावजी. सगळ्याला तुमाला काय ना काय सुचतं." मग म्हणाल्या, "ह्येवढंच न्हाय सुचलं व्हय?"

मी जायला वळलो तर त्यांनी थांबवलं. "एक सांगा. ते रोज सांजच्याला हितं बसायचे. पत्र्याकडं तोंड करून, हात टेकून. मला वाटायचं, माजं त्वांड बगू ने म्हणून तिकडं वळून बसत्यात. ते का?"

त्यांनी बोट दाखवलं तिकडे मी पाहिलं. आडोशाच्या पत्र्यावर, बसल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक काळपट डाग होता. मागाच्या तेलाचा. तळहाताएवढा, पाची बोटं ओळखू येतील असा. वर्षभर रोज एकाच जागी हात टेकल्याशिवाय तसा डाग पडत नाही. या घरात मी वीस वेळा आलो असेन, मला तो कधी दिसला नव्हता. पत्र्यापलीकडे नेमकी चूल होती. लक्ष्मी भाकरी थापत होती आणि प्रत्येक थापेसरशी पत्रा बारीक थरथरत होता... मला रडू आवरेना. मी कसंबसं म्हणालो, "वैनी, तो शेडमधले मागही असेच ऐकायचा. हात ठेवून. तुम्ही आत भाकरी थापायचा ना, ते तो ऐकत बसायचा."

त्या उठल्या. पत्र्यापाशी जाऊन बिरूच्या जागेवर त्याच्यासारख्याच बसल्या. आत लक्ष्मी थापतच होती. वैनींनी त्या डागावर आपला हात ठेवला. त्यांचा हात लहान, डाग चहूबाजूंनी बाहेर उरला. तशाच बसून राहिल्या. चौथी भाकरी झाली असेल, पाचवी झाली असेल. मग त्यांनी दुसऱ्या हाताने तोंडावरचा पदर खाली केला, पत्र्याला तोंड अगदी जवळ नेलं आणि बोलायला लागल्या. आवाज नव्हता. नुसते ओठ हलत होते, सावकाश, एकेक शब्द नीट सुटा करत, समोरच्याला वाचता यावा असे.

मी उभा होतो तिथून त्यांचे ओठ मला स्वच्छ दिसत होते. तीस वर्षं शेडमध्ये काढलीत मी, वाचता येत होतं सगळं. मी तोंड फिरवलं आणि बाहेर सायकलीपाशी येऊन उभा राहिलो.